स्वस्त जाकीट कोणाला परवडते?

मे महिना अर्धा सरला की महाराष्ट्रातील शहरांत रस्त्यांची रात्रपाळी सुरू होते. दिवसा वाहतूक अडवता येत नाही आणि सात जूनच्या आत खड्डे बुजल्याचे दाखवावयाचे असते. साहजिकच डांबराची गाडी आणि रोलर रात्री दहानंतर रस्त्यावर उतरतात. खडी पसरणाऱ्या बायका साडीवर पुरुषी सदरा चढवतात, डोक्याला फडके गुंडाळतात आणि पाटी उचलतात. या सदऱ्यावर अलीकडे आणखी एक वस्त्र आले आहे. पोपटी किंवा नारिंगी रंगाचे, रुपेरी पट्ट्यांचे ते बिनबाह्यांचे जाकीट कंत्राटदाराच्या बोलण्यात 'रिफ्लेक्टर' या एका शब्दात उरकले जाते. जवळ जाऊन पाहिले तर पुष्कळदा त्याचा रंग विटलेला असतो, पट्टी सुरकुतून काळवंडलेली असते आणि छातीवरचा बंद तुटल्यामुळे ते पाठीमागे लोंबत असते. कामावर जाकीट आहे, एवढी नोंद त्यामुळे होते. ज्या कामासाठी ते आहे ते काम मात्र होत नाही.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच आकडे आहेत. रस्ता झाडणारा, गटार उपसणारा, पट्टे रंगविणारा आणि डांबर ओतणारा माणूसही रस्त्यावर पायीच असतो. फरक एवढाच, की इतर पादचारी रस्ता ओलांडून निघून जातो आणि या माणसाला आठ तास तेथेच उभे राहावे लागते. रुळांवरची गोष्ट वेगळी नाही. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगाव या स्थानकांदरम्यान सिग्नलचे काम करणारे पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मरण पावले. त्या दुर्घटनेचा संबंध एखाद्या जाकिटाशी जोडणे उचित होणार नाही. वेगाने येणारे वाहन आणि हातातल्या कामात गुंतलेला माणूस यांच्यामध्ये किती थोडे अंतर असते, एवढे तिच्यावरून ध्यानात यावे.

हे अंतर मोजता येते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सेकंदाला सुमारे सतरा मीटर रस्ता कापतो. समोर काही आहे हे चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच पंचवीस मीटर गेलेले असतात. भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर थांबावयास त्यापुढे आणखी तितकेच अंतर सहज लागते. रस्ता ओला आणि टायर गुळगुळीत असतील तर त्याहून अधिक. खाली पाडलेल्या दिव्यांच्या उजेडात काळसर कपड्यांतील माणूस तीसएक मीटरवर आल्यावर दिसू लागतो. म्हणजे तो दिसतो तेव्हा गणित संपलेले असते. चांगली परावर्तक पट्टी त्याच दिव्यांत शंभर-दीडशे मीटरवरून चमकते. मधल्या शंभर मीटरांत एका माणसाचे आयुष्य मावते आणि बाजारात ते अंतर एका जाकिटाच्या किमतीला मिळते. मात्र जाकीट खरे असावे लागते.

खरे म्हणजे काय, याचा उलगडा करण्यासाठी या वस्त्राची रचना समजून घेणे आवश्यक आहे. त्यात दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र शिवलेल्या असतात आणि दोहोंची वेळ निराळी असते. भडक कापड हे दिवसाचे आहे. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषून ते दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणूनच पहाटे, तिन्हीसांजेला आणि पावसाळी अंधारात ते आपल्याच तेजाने पेटल्यासारखे दिसते. रात्री वाहनांच्या दिव्यांत असे किरण जवळजवळ नसतात, तेव्हा त्या कापडाची जादू सूर्यास्ताबरोबर संपते. तेथून पुढे काम रुपेरी पट्टीचे. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसविलेले असतात आणि प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, ते तो परत पाठवतात. आरशाने हे होत नाही. आरसा प्रकाश भलतीकडेच फेकतो.

अमेरिकेत रॉबर्ट आणि जोसेफ स्वित्झर या बंधूंनी १९३० च्या दशकात झळाळणाऱ्या रंगांचे प्रयोग केले. पुढे त्यांतून उभा राहिलेला 'डे-ग्लो' हा उद्योग जगाला ठाऊक झाला. कामगाराच्या अंगावर हा रंग चढण्यास मात्र आणखी काही दशके जावी लागली. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटलंड विभागाने ग्लासगोजवळच्या विद्युतीकरण झालेल्या मार्गावर काम करणाऱ्यांना नारिंगी जाकिटे देऊन पाहिली. विजेच्या गाड्या वाफेच्या गाड्यांहून वेगाने आणि कमी आवाजात येत, हे त्यामागचे कारण होते. यंत्र बदलले की माणसाचे संरक्षण बदलावे लागते, ही जाणीव त्या प्रयोगाच्या मुळाशी होती. महाराष्ट्रात चौपदरी आणि सहापदरी रस्ते झाले, त्यांवरून मोटारी ताशी शंभराच्या वेगाने धावू लागल्या. रस्त्याच्या कडेचे गवत कापणारा मजूर मात्र कित्येक ठिकाणी अद्याप बैलगाडीच्या काळातील कपड्यांत आहे. यातील विसंगती अशी, की उसाच्या बैलगाडीला आणि ट्रॉलीला परावर्तक लावण्याच्या मोहिमा गळीत हंगामात होतात आणि त्या व्हावयासच हव्यात. परंतु गाडीशेजारून चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर पट्टी चिकटवण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

आता बाजाराकडे वळावे. अशी जाकिटे पन्नास-साठ रुपयांपासून पाचशे रुपयांपर्यंत आणि त्याहूनही वर मिळतात. दुकानाच्या उजेडात साठाचे आणि तीनशेचे जाकीट जवळजवळ सारखेच दिसते. किंबहुना साठाचे अधिक चकचकीत असते. त्यावर पुष्कळदा नुसती रुपेरी छपाईची प्लॅस्टिकची पट्टी असते, ती चमकते पण प्रकाश परत पाठवीत नाही. ज्या वस्तूचा गुण गिऱ्हाइकाला दिसत नाही तिच्या बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, हा सिद्धांत जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडला आणि २००१ साली त्याला नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. त्याच निबंधात तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडीत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. गृहिणीला निदान खडा दातांखाली आल्यावर तरी कळतो. जाकिटातील खडा कळण्याची वेळ फार उशिरा येते.

त्यातही या वस्तूचा एक चमत्कारिक विशेष आहे. जो ती विकत घेतो तो ती घालत नाही. जो घालतो त्याला ती दिसत नाही. आणि ज्याला ती दिसावयाची तो परका ट्रकचालक असून खरेदीशी त्याचा काडीचा संबंध नसतो. चप्पल टोचली तर पायाला कळते, छत्री गळली तर डोक्याला कळते. आपले जाकीट शंभर मीटरवरून कसे दिसते, हे कोणत्याही मजुराला आयुष्यात कधी पाहता येत नाही. अशा स्थितीत विकत घेणाऱ्याने केवळ दराकडे पाहावे यात नवल काहीच नाही. दर ही एकच गोष्ट त्याच्या अंगाला लागते.

परंतु दर म्हणजे तरी काय? समजा, साठ रुपयांच्या जाकिटाची पट्टी महिन्याभरात, म्हणजे पंचवीस रात्रींत, निकामी झाली. तर एका रात्रीला दोन रुपये चाळीस पैसे पडले. तीनशेचे जाकीट सहा महिने, म्हणजे दीडशे रात्री टिकले, तर रात्रीला दोन रुपये. हिशेब कल्पित असला तरी त्याची दिशा चुकीची नाही. जाकिटाची किंमत नगावर मोजावयाची नसून ते जितक्या रात्री दिसते त्या रात्रींवर मोजावयाची असते. नगावर मोजले की साठाचे स्वस्त, रात्रींवर मोजले की तेच महाग. यावर कंत्राटदाराचे उत्तर असे, की त्याचा मजूर महिनाभरही टिकत नाही, मग सहा महिने टिकणारे जाकीट घेऊन काय करावयाचे? हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यातच रोगाचे निदान आहे. जो माणूस नाक्यावरून एका आठवड्यासाठी उचलला जातो त्याच्या सुरक्षिततेत सहा महिन्यांची गुंतवणूक करण्यास कोणीच बांधलेला नसतो. जाकीट जर मजुराच्या नावे न राहता कामाच्या नावे राहिले, पाळी सुटताना धुऊन टांगले गेले आणि पुढच्या पाळीला पुढच्याच्या अंगावर चढले, तर ही अडचण बरीचशी मिटते. घामाने ओली झालेली दुसऱ्याची वस्तू कोणी घालू नये, म्हणून धुण्याची व्यवस्था हवी, हे ओघाने आलेच.

ज्याला थोड्या पैशांत बरे जाकीट निवडावयाचे आहे त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत जाकीट आठ-दहा पावलांवर टांगावे, विजेरी किंवा मोबाइलचा दिवा डोळ्यांच्या अगदी लगत धरून त्यावर उजेड टाकावा. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटते आणि जाकीट थोडे तिरके केले तरी पेटलेलीच राहते. खोटी पट्टी राखाडी पडते किंवा एखाद्या कोनात तेवढी लकाकते. दुसरी कसोटी मोजपट्टीची. 'आयएसओ २०४७१' या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या श्रेणीच्या वस्त्रावर अर्धा चौरस मीटर भडक कापड आणि ०.१३ चौरस मीटर परावर्तक पट्टी किमान असावी लागते. पट्टी पाच सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढची-मागची मिळून तिची लांबी दोन मीटर साठ सेंटिमीटर भरली पाहिजे. कापडात काटकसर करून पट्टी दोन-अडीच सेंटिमीटरवर आणलेली जाकिटे या मोजणीत तात्काळ उघडी पडतात. भारतीय मानक ब्यूरोचेही या वस्त्रासाठी 'आयएस १५८०९' हे स्वतंत्र मानक आहे. पावतीवर आणि जाकिटाच्या आतल्या चिठ्ठीवर तो क्रमांक आहे की नाही एवढे पाहण्यास कोणतेही पांडित्य लागत नाही.

रंगाच्या निवडीतही परिसर पाहावा लागतो. कोकणात श्रावणात रस्त्याच्या दोन्ही बाजू हिरव्यागार असतात. त्या हिरव्यात पोपटी जाकीट विरघळून जाते आणि नारिंगी उठून दिसते. उलट तांबड्या मातीच्या खोदकामावर, नारिंगी पिंपांच्या आणि अडथळ्यांच्या गर्दीत, पोपटी बरे. विदर्भातील उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की जाड कापडाचे जाकीट मजूर दुपारी काढून ठेवतो आणि काढून ठेवलेले जाकीट किती उत्तम प्रतीचे होते याला मग अर्थ उरत नाही. तेथे जाळीचे जाकीट घ्यावे. मात्र जाळीच्या छिद्रांत रंग नसतो हे लक्षात ठेवून पट्टीत तडजोड करू नये. बंद शक्यतो झटक्यासरशी सुटणारे असावेत, म्हणजे जाकीट यंत्रात किंवा वाहनाच्या कडीत अडकले तर माणूस त्याबरोबर ओढला जाणार नाही. आणि स्त्रियांचा विचार तर स्वतंत्रपणेच करावा लागेल. एकाच मापाची पुरुषी जाकिटे घाऊक आणावयाची आणि ती साडी-सदऱ्यावर कशीबशी अडकवावयाची, यात पट्ट्या दुमडतात, पदराखाली जातात आणि वाकून काम करताना पाठीवरची पट्टी आभाळाकडे तोंड करून राहते. रस्ता झाडणाऱ्या आणि खडी वाहणाऱ्यांत बायका किती आहेत हे ज्यांना रोज दिसते, त्यांनी खरेदीच्या वेळी ते विसरावे याला निष्काळजीपणा म्हणतात.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जाकीट दिले की जबाबदारी संपली अशी समजूत त्यामुळे बळावेल, असे काही जाणकार म्हणतात. आक्षेप योग्यच आहे. कामाच्या जागेआधी पुरेशा अंतरावर फलक, दिवे, निमुळती होत जाणारी अडथळ्यांची रांग आणि निशाण घेतलेला माणूस, ही व्यवस्था भारतीय रस्ते परिषदेच्या 'एसपी ५५' या मार्गदर्शिकेत सांगितलेली आहे. ती अगोदर, जाकीट सर्वांत शेवटी. दारू प्यालेल्या किंवा पेंगणाऱ्या चालकाला कोणतेही जाकीट थांबवू शकत नाही. तथापि वरची व्यवस्था नाही म्हणून शेवटची कडीही काढून घ्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

खर्च कोणी करावयाचा? अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले, की अप्रिय आणि कष्टाच्या कामाला त्या मानाने अधिक मजुरी मिळते. धोक्याचा मोबदला मजुरीतच येतो, तेव्हा मजुराने आपले जाकीट आपण घ्यावे, असा युक्तिवाद त्यावरून कोणी करू शकेल. पण स्मिथची अटही होती: माणसाला धंदा निवडण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य असले पाहिजे. मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यातून पुण्या-मुंबईच्या नाक्यावर उतरलेल्या कुटुंबाला असे स्वातंत्र्य असते असे म्हणण्यासाठी फार मोठे धाडस लागेल. कायद्याने हा वाद निकालात काढला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता, २०२० नुसार सुरक्षिततेसाठी केलेल्या किंवा पुरविलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कामगाराकडून घेता येत नाही. परंतु याच संहितेतील कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास किंवा अधिक मजूर असलेल्या कंत्राटदाराला लागू होतात. १९७० च्या केंद्रीय कायद्यात ही संख्या वीस होती. रात्रीचे खड्डे बुजवणारी टोळी बहुधा बारा-पंधरांची असते. पोटकंत्राटाच्या तिसऱ्या पायरीवरील हा मुकादम त्या तरतुदींच्या जाळ्यातून सहज निसटतो.

महाराष्ट्रातील बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच देते आणि त्या संचात शिरस्त्राण, बूट यांच्या जोडीने परावर्तक जाकीटही असते. योजना स्वागतार्ह आहे. पण वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आणून नोंदणी करणे सर्वांना जमत नाही. सफाई कामगार त्या व्याख्येत बसत नाहीत. आणि एकदा दिलेले जाकीट उन्हाने विटले की पुढचे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न पुन्हा उरतोच. झळाळणारे रंग उन्हात लवकर मरतात. अशी वस्तू भेट म्हणून एकदा वाटावयाची नसते. ती डिझेलप्रमाणे कामाला सतत लागते.

खरी मेख निविदेत आहे. पुष्कळ निविदांत सुरक्षिततेची सामग्री वेगळी न दाखवता ती कंत्राटदाराच्या एकूण दरात गृहीत धरली जाते. याचा सरळ परिणाम असा, की जाकिटावर वाचविलेला प्रत्येक रुपया कंत्राटदाराचा नफा ठरतो आणि ज्याने प्रामाणिकपणे चांगली जाकिटे धरून दर भरला तो सर्वांत कमी दराच्या शर्यतीत मागे पडतो. ज्या व्यवस्थेत सचोटीला दंड बसतो तिच्यात सचोटीचे उपदेश करून काही साधत नाही. त्याऐवजी जाकीट ही निविदेतील स्वतंत्र, मोजून पैसे देण्याची बाब करावी. मानकाचा क्रमांक, पट्टीची रुंदी, पुरुष आणि स्त्रियांची मापे, दर इतक्या महिन्यांनी बदली, हे सर्व तेथेच लिहावे आणि दर महापालिकेने ठरवून द्यावा, म्हणजे त्यात कपात करून निविदा जिंकता येणार नाही. वीस माणसांच्या टोळीला तीनशेप्रमाणे सहा हजार रुपये लागतील. एक टन डांबराची किंमत याच्या कित्येक पट असते. डांबराचा नमुना तपासण्यासाठी पाठवला जातो आणि खडीचा थर मोजला जातो. त्याच वेळी कनिष्ठ अभियंत्याने विजेरी डोळ्यालगत धरून टोळीकडे दहा पावलांवरून एकदा पाहावे आणि ज्या पाठी पेटल्या नाहीत त्यांची संख्या मोजमाप-वहीत लिहावी. ही पाहणी दुपारी कार्यालयात जाकिटांचा गठ्ठा सोडून होणार नाही. ती रात्री अकरानंतर कामाच्या जागी झाली पाहिजे आणि त्या नोंदीखाली अभियंत्याच्या सहीबरोबर टोळीतील एका मजुराची सही किंवा अंगठा असला पाहिजे.